वात तेल पिते तोवर

दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच पुसायचं काम आमच्या घरी लहान मुलांकडे असे. मोठ्या माणसाचा पंजा त्या काचेत जातच नाही. वाई तालुक्यातल्या आमच्या गावात वीज आली होती, पण रात्री ती असेलच असा भरवसा नसे. चुलीतली बारीक राख आणि वर्तमानपत्राचा बोळा घेऊन मी हात आत घालायचो, की आदल्या रात्रीची काजळी बोळ्यावर यायची. मग आजी वातीचा जळका काठ कात्रीने सरळ कातरायची. तिरका कातरला तर ज्योत एका बाजूला चढते आणि काच तिथेच काळी होते. नवी वात घातली, की मात्र ती लगेच पेटवू देत नसे. "घाई करू नगं. तिला त्याल पिऊ दे," म्हणायची. कोरडी वात पेटवली तर तेलाऐवजी वातच जळते.

आजोबा चिलीम ओढत. चिलमीला गुंडाळायचं छापीचं फडकं ते रोज सकाळी स्वतः धुऊन दांडीवर वाळत घालत आणि चिलमीतला खडा घासून ठेवत. त्या कामाला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना चालत नसे. इतकी निगा राखूनही ते गेले दम्यानेच. पुढे मी जे सांगणार आहे ते वाचताना हेही लक्षात असू द्यावं. साधन स्वच्छ ठेवलं म्हणून छातीत जाणारी गोष्ट निर्धोक होत नाही.

मी सिगारेट धरली एकोणिसाव्या वर्षी, पुण्यात. २००५ साली लेस्टरला आलो तो व्यसन बरोबर घेऊनच. एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात देखभाल विभागात लागलो. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये कामाच्या बंदिस्त जागी ओढायला मनाई झाली, तेव्हापासून थंडीत कुडकुडत फाटकाबाहेर उभा राहू लागलो. सोडायचे प्रयत्न तीनदा केले, तिन्ही फसले. २०१४ मध्ये इथल्या धूम्रपान सोडवणाऱ्या सार्वजनिक सेवेने ई-सिगारेट घेऊन येणाऱ्यांनाही मदत करायला सुरुवात केली. मीही माझी ई-सिगारेट घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी माझ्या हातातलं यंत्र पाहून शांतपणे विचारलं, "कॉइल किती दिवसांनी बदलता?" मला कॉइल म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. दोन महिने मी एकच कॉइल जाळत होतो आणि घशाला येणारा करपट चटका म्हणजे या यंत्राची चवच अशी, असं समजत होतो.

घरी येऊन ते यंत्र खोललं. कॉइल म्हणजे नखाएवढी पोलादी नळी, तिच्या अंगाला चार बारीक भोकं, भोकांतून दिसणारा कापूस आणि कापसाच्या मधोमध तारेचं वेटोळं. वसतिगृहात चहासाठी वापरायचो त्या विजेच्या शेगडीच्या तारेचीच ही धाकटी बहीण: लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची कांथल तार. कापूस काळाकुट्ट झाला होता. तारेवर साखर करपल्यासारखा थर होता, बोटाने दाबला तर कुरकुरला. काचेची टाकी, तेलाच्या जागी निकोटीनचा औषधासारखा रस, तो शोषणारी वात आणि वर काजळी. मी स्वयंपाकघरात त्या टेबलापाशी बराच वेळ बसून राहिलो. आजीचा कंदीलच होता तो, फक्त ज्योत नव्हती.

त्या दिवसापासून एक वही केली. कारखान्यात प्रत्येक पंपाची, पट्ट्याची नोंद ठेवायची सवय होतीच. कॉइल कधी बसवली, कोणता रस, किती वॅट, कधी बदलली, एवढंच लिहायचं. साधारण एक ते दोन आठवडे कॉइल टिकते, पण ते 'साधारण' फार फसवं आहे. आंब्याच्या गोड रसावर माझी कॉइल पाच दिवसांत संपायची. त्यात घातलेला सुक्रालोज तारेवर करपतो आणि गडद गोड रस असेल तिथे काजळी लवकर धरते. पुदिन्याच्या साध्या रसावर तीच कॉइल दोन आठवडे ओलांडायची. कॉइलच्या अंगावर वॅटची मर्यादा कोरलेली असते. तिच्या वरच्या टोकाशी चालवलं की वाफ दाट येते आणि आयुष्य निम्मं होतं. मी खालच्या टोकाशी राहिलो. जुनी कॉइल धुऊन वाळवून पुन्हा लावता येते असं सांगणारे भेटतात. मी दोनदा करून पाहिलं. थर थोडा सुटतो, पण जळलेला कापूस परत पांढरा होत नाही.

खरी गोष्ट नव्या कॉइलची. रसाचे चार-पाच थेंब भोकांतल्या कापसावर एकेक करून टाकायचे. पांढरा कापूस ओला होऊन काचेसारखा दिसू लागतो. मग टाकी भरायची आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. पहिले काही झुरके कमी वॅटवर, सावकाश. हे न करता बटण दाबलं तर कोरडा कापूस तापतो आणि करपट वाफेतून फॉर्मल्डिहाइडसारखे घातक वायू थेट छातीत जातात. घाई करू नगं, तिला त्याल पिऊ दे. त्या दहा मिनिटांत मला आजी आठवली नाही असं आजवर झालेलं नाही.

बाकीचे भाग कमी हट्टी. काच पडली नाही तर वर्षानुवर्षं टिकते. कोमट पाण्याने धुवायची आणि पूर्ण वाळवायची. रबरी कड्या चपट्या झाल्या की टाकी गळू लागते. बसवताना त्यांना रसाचंच बोट लावायचं आणि आटे कधी करकचून आवळायचे नाहीत. टाकी जिथे बॅटरीच्या भागाला जोडली जाते त्या पितळी टोकावर वाफेचं पाणी साचतं. कानात घालायच्या कापसाच्या काडीने ते आठवड्यातून एकदा टिपलं, की 'संपर्क नाही' ही निम्मी तक्रार मिटते.

बॅटरीने मात्र मला भीती म्हणजे काय ते दाखवलं. १८६५० या आकाराचा सेल, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्याचं प्लॅस्टिकचं वेष्टन वरच्या कडेला नखभर फाटलं होतं. मला ते दिसलंही होतं. २०१६ च्या हिवाळ्यात तो सुटा सेल मी कोटाच्या खिशात टाकला, किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर. बसथांब्यावर मांडीला ऊब लागली. क्षणभर बरंच वाटलं. मग ती ऊब चटका झाली. कोट काढून फरशीवर फेकला आणि पायाने किल्ल्या बाजूला सारल्या. सेल पेटला नाही, नशीब. पण अस्तराला भोक पडलं होतं, आणि बाजूला बाबागाडीत एक बाळ होतं. तेव्हापासून प्रत्येक सेल प्लॅस्टिकच्या डबीत. वेष्टन फाटलं, की त्याच दिवशी तो बाद. रात्रभर चार्जिंगला लावून झोपणं बंद. असा सेल तीनशे ते पाचशे वेळा चार्ज होतो आणि मग थकतो. मी दीड वर्षाने बदलतो आणि जुना सेल कचऱ्यात न टाकता बॅटरीच्या पेटीत देतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये भारतात ई-सिगारेटवर बंदी आली. त्या डिसेंबरात गावी जायचं होतं, म्हणून यंत्र खणात ठेवून निकोटीनचं च्युइंगगम घेऊन गेलो. महिन्याने परत आलो तर टाकीतला रस चहासारखा तपकिरी झालेला, कड्या काचेला चिकटलेल्या, कॉइल निकामी. यंत्रात मी असा जीव टाकला होता, आणि महिनाभर त्याच्यावाचून माझं काही अडलं नव्हतं, हे मला त्या खणापाशी उभं राहून कळलं. गावात आजीचा कंदील माळ्यावर तसाच होता. त्याची काच शाबूत होती.

सिगारेटने माझ्याकडून कधी काही मागितलं नाही. ओढली, टाकली, विसरलो. या यंत्राने काम लावलं, आणि काम करताना मी काय ओढतोय ते दर आठवड्याला हातात घेऊन बघावं लागलं. माझी ओढ त्यामुळेच कमी झाली असं मला वाटतं. मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटीनवरून १२ वर आलो, मग ६ वर, आता ३ वर. १ जून २०२५ पासून इथे एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटींवर बंदी आली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. गटाराच्या जाळीवर पडलेले ते रंगीत प्लॅस्टिकचे तुकडे, प्रत्येकात एक धडधाकट लिथियम सेल. आणि ते ओढणारी, कधीच सिगारेट न ओढलेली पोरं. त्यांनी या वाटेला यायचंच कशाला?

वहीत आता नोंदी विरळ झाल्या आहेत. पूर्वी पानाला आठ असायच्या, आता दोन. शेवटची २ फेब्रुवारीची: नवी कॉइल, पुदिना, १२ वॅट. आज २७ तारीख. काल रात्री टाकी उजेडात धरून पाहिली. रस अजून फिका पिवळा आहे, कापूस पांढरा नाही पण काळाही नाही. कॉइल बदललेली नाही.