दोन वाजताची शाळा

1964 च्या सप्टेंबरात इंग्रजीचा मास्तर म्हणून मी इथिओपियातल्या गोंदर गावी जाऊन पडलो. पाऊस सरून माळावर पिवळी फुले फुलली होती. तिथल्या पंचांगात 1957 साल नुकतेच लागलेले. सात वर्षांनी तरुण झाल्याचे मी आईला लगेच कळवून टाकले!

हेडमास्तर म्हणाले, “उद्या दोन वाजता या.” दुपारची शाळा असेल, असे समजून मी सकाळभर फासिल राजाचे सतराव्या शतकातले वाडे पाहिले आणि ठीक दोनला हजर झालो. हेडमास्तरांचा चेहरा उतरलेला. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. मुले वाट पाहून पाहून थकली होती.

त्या रात्री इंजेरा घशाखाली उतरेना. एरवी तो आपल्या आंबोळीचा आंबूस भाऊबंदच.

दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटूनच ठेवले. म्हटले, “आधी तुमची अक्षरे मला शिकवा.” एका मुलाने फळ्यावर एकाच अक्षराची सात रूपे काढली. लु, ली, ला, ले... अहो, ही तर आपली बाराखडी! मी गिरवलेले अक्षर पाहून वर्ग खो खो हसला.

मग माझा पहिला धडा झाला, तो घड्याळाचा. किती वाजले, यावर तासभर वाद चालला.