गढूळ पाण्याचा तळ

पनवेलचे नाव निघाले की आजच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे रस्त्यांचा व लोहमार्गांचा गजबजलेला नाका उभा राहतो. वास्तविक हे गाव तळ्यांचेही आहे. बल्लाळेश्वराच्या देवळाशेजारचे वडाळे, त्याखेरीज कृष्णाळे, विश्राळे, लेंडाळे आणि देवाळे ही नावे ओळीने म्हटली तर मुलांनी घोकलेल्या पाठासारखी वाटतात; आणि इस्राईल तलाव हे नाव येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या बेने इस्राईल समाजाची आठवण करून देते. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिच्या जागी महानगरपालिका आली. एवढ्या काळात घरे, वाटा, बाजार सारे पालटले. तळ्यांचा पृष्ठभाग मात्र संध्याकाळी वडाळ्याच्या काठी फेरफटका मारणारांस आजही दिसतो. तळ कोणासच दिसत नाही, आणि त्या न दिसणाऱ्या तळाविषयीच आम्ही येथे चार शब्द लिहिणार आहोत.

पाणी किती गढूळ आहे हे मोजण्याची एक अत्यंत सोपी रीत आहे. इटलीतील आंजेलो सेक्की नावाच्या धर्मोपदेशक ज्योतिर्विदाने १८६५ साली भूमध्य समुद्रात एक पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली, आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे पाहिले. तेवढीच त्या पाण्याची पारदर्शकता. हीच तबकडी आषाढ-श्रावणात आपल्याकडील एखाद्या धरणात सोडावी, तर हातभर खाली जाण्यापूर्वीच ती लुप्त होईल. डोंगरउतारावरची माती पावसाबरोबर येते, आणि तिचा जो कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका बारीक असतो, तो अगदी निश्चल पाण्यातही दिवसभरात वीतभर खाली उतरत नाही. आपल्या घरांतील स्त्रिया पावसाळ्यात घागरीत तुरटी फिरवीत किंवा निवळीचे बी उगाळून घालीत, त्याचे इंगित हेच. त्यायोगे सुटे कण एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशी बसतात. घागरीस हा उपाय चालतो; तलावास चालत नाही.

अशा पाण्यात माणूस उतरतो तेव्हा त्याच्यावर काय प्रसंग ओढवतो? पाठीवर दाबलेल्या हवेचे नळकांडे बांधून स्वतंत्रपणे पाण्याखाली संचार करण्याचे साधन कुस्तो व गान्याँ या दोघांनी फ्रान्समध्ये १९४३ साली सिद्ध केले. आज मालवण-तारकर्लीस पुष्कळ प्रवासी ते बांधून समुद्रात उतरतात, आणि पाणी स्वच्छ असेल तर मासे व प्रवाळ पाहून हर्षभरित होऊन वर येतात. तेथे डोळा हा राजा आहे. गढूळ तळ्यात डोळा निरुपयोगी ठरतो. विजेरी पेटवावी, तर दाट धुक्यात खंडाळ्याच्या घाटातून जाणाऱ्या मोटारीच्या दिव्यांसारखी अवस्था होते. प्रकाश कणांवर आदळून उलट आपल्याच डोळ्यांत शिरतो. कानांचाही आधार तुटतो, कारण ध्वनी पाण्यात हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावत असल्यामुळे तो कोणत्या दिशेने आला हे उमजत नाही. फार काय, वर कोणते आणि खाली कोणते याचाही काही वेळा भ्रम पडतो. मग अनुभवी पाणबुड्या आपल्याच श्वासाचे बुडबुडे गालावरून कोणीकडे सरकतात ते चाचपतो, कारण बुडबुडा कधी खोटे सांगत नाही.

येथे पंचज्ञानेंद्रियांपैकी त्वचा तेवढी कामास येते. पाणबुड्या तळ हातांनी वाचतो, जसा एखादा अंध विद्यार्थी टिपक्यांची लिपी वाचतो. परंतु नुसते चाचपडणे म्हणजे शोध नव्हे. कंपासपेटीतील कर्कटकाने मुले वर्तुळ काढतात, तद्वत् तळाशी एक वजन ठेवून त्यास दोरी बांधतात. पाणबुड्या दोरी ताणून धरून एक फेरी पुरी करतो, मग हातभर दोरी वाढवून दुसरी फेरी घेतो. अशा रीतीने एकही जागा सुटत नाही. दुसरी दोरी काठावरील किंवा नावेतील साथीदाराच्या हाती असते. तिला एकदा, दोनदा, तीनदा हिसका दिला म्हणजे काय समजावे, हे उतरण्यापूर्वीच ठरलेले असते. जुनी मासेमारीची जाळी, तारा, बुडालेल्या झाडांच्या फांद्या हे तेथले खरे शत्रू. आणि तळाशी पाय हापटला की जी थोडीबहुत दृष्टी होती तीही चिखलात जाते. त्यामुळे पाणबुड्याचा जीव बव्हंशी त्याच्या स्वतःच्या धैर्यापेक्षा काठावरील मनुष्याच्या सावधपणावर अवलंबून असतो.

ही गोष्ट केवळ कुतूहलाची नव्हे. ज्या मुंबई-गोवा महामार्गाची पनवेलपासून सुरुवात होते, त्याच मार्गावर महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतील पूल पुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या व इतर वाहन प्रवाशांसह नदीत गेले. दोन्ही एस. टी. गाड्या मुंबईकडे येत होत्या. पनवेल ओलांडूनच त्या पुढे जावयाच्या. नौदलाचे पाणबुडे आले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले. पाणी मातकट, ओढ भयंकर, आणि सावित्रीत मगरींचा वावर. एवढे मोठे धूड असलेली पहिली गाडी सापडावयास ११ ऑगस्ट उजाडला. त्या नऊ दिवसांत नदीकाठी तिष्ठत बसलेल्या आप्तांची मनःस्थिती काय असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी. ज्याचे माणूस पाण्यात गेले, त्यास निदान अखेरचा संस्कार हातून घडावा एवढीच आस उरते, आणि ती पुरी करणारा मनुष्य आंधळ्या पाण्यात हातांनी शोध घेत असतो.

आता आपल्या गावाकडे वळू. माथेरानच्या पायथ्याशी गाढेश्वरचे देहरंग धरण आहे. पावसाळ्यात तेथे तरुणांच्या झुंडी लोटतात, आणि त्यांतील काही घरी परत येत नाहीत. मनाईहुकूम निघतात, फलक लागतात. परंतु निवळीचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, हा मनुस्मृतीतील दृष्टांत येथेही लागू पडतो. फलकावर ‘धोका’ असे लिहिल्याने धोका टळत नाही. तो घरोघरी समजावून द्यावा लागतो. समुद्राचे पाणी क्षारांमुळे शेकडा सुमारे अडीच भागांनी जड असते, म्हणून तेथे सहज तरंगणारा मनुष्य तळ्यात तितका तरंगत नाही, हे मुलांस सांगावे. गढूळ पाण्यात काठापासून दोन पावलांवर किती खोली आहे हे कोणीही डोळ्यांनी सांगू शकत नाही, हेही सांगावे.

आणि दुर्दैवाने कोणी बुडालाच, तर त्याच्यामागून उडी घालू नये. बांबू, दोरी, पातळ किंवा रिकामा बंद डबा त्याच्याकडे टाकावा, आणि मदतीसाठी तत्काळ ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. माणूस दिसेनासा झाला, तर पाहणाराने जागचे हलू नये. तो जेथे गेला त्या जागेच्या सरळ रेषेत पलीकडच्या काठावरील एखादे झाड वा खांब मनात पक्का धरावा, आणि दुसऱ्या ठिकाणी उभ्या असलेल्यानेही तसेच करावे. दोन रेषा जेथे छेदतात तोच तो बिंदू. मॅट्रिकपर्यंत भूमिती शिकलेल्या कोणासही हे अवघड नाही, आणि एवढी खूण हाती असली तर पाणबुड्यास सबंध तळ्याऐवजी काही हातांचेच वर्तुळ शोधावे लागते. तेथे वाचलेल्या चार मिनिटांत प्रसंगी एखादा जीवही वाचतो.

वाचकांनी ह्या सुट्टीत मुलांस तळ्याकाठी नेऊन ही दोन रेषांची युक्ती एकदा करून दाखवावी, म्हणजे आमचा हा लेख सार्थकी लागला असे आम्ही समजू.