तिथीची पाऊणपट

वर्ध्याच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, हे जरा धाडसाचेच. समुद्र आमच्यापासून कोणत्याही दिशेने शेकडो मैल दूर. आमची वर्धा नदी मुलताईच्या बाजूला सातपुड्यात उगवते, वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, गोदावरीला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. पण ती एकदा गेली की गेली. मागे वळून पाहणे तिच्या स्वभावात नाही. ओहोटी आम्हांलाही ठाऊक आहे, पण ती वर्षातून एकदाच, चैत्र-वैशाखात बोर धरणाचे पाणी तळाला जाते तेव्हा. त्यानंतरची भरती मृगाच्या मर्जीवर!

असा मी कोरडवाहू माणूस गेल्या फेब्रुवारीत कुडाळच्या स्टेशनावर उतरलो, तो भाच्यापायी. भाचा पुण्यात इंजिनिअर आहे. त्याने गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग शिकून घेतले. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि वीस-बावीस मीटर लांब दोऱ्यांच्या टोकाला दहा-बारा चौरस मीटरचा पतंग. संक्रांतीला आपण पतंग उडवतो. इथे पतंग आपल्याला उडवतो. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ साली हवा भरून फुगवायच्या पतंगाचे पेटंट घेतले. तो पाण्यात पडला तरी बुडत नाही, पुन्हा उठतो. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थानही मिळाले.

मोरजीला शिकून झाल्यावर चिरंजीवांना नवी, अनोळखी जागा हवी होती. त्यांनी नकाशात बोट ठेवले ते मालवणजवळच्या देवबागवर, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. बहिणीचा फोन आला, "दादा, तू बरोबर जा. तो माझे ऐकत नाही, तुझे ऐकतो." माझे पोहणे विहिरीतले, हे तिलाही ठाऊक होते. पण तिच्या आवाजातली भीती खोटी नव्हती. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतली मुले बुडाली, ती बातमी कोणताही पालक विसरलेला नाही. मुलांच्या सहली नेणारे आम्ही प्राध्यापक तर नाहीच नाही.

देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली, आणि दक्षिणेच्या टोकाला दोघांचा संगम. पलीकडे भोगवे. आम्ही टोकाशी पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पाणी काठोकाठ भरलेले, निळे आणि शांत. "मामा, बघा, तळ्यासारखे आहे!" म्हणत भाच्याने पतंगाची पिशवी उघडायला घेतली.

सुरूच्या सावलीत एक म्हातारबाबा रापणीचे जाळे शिवत बसले होते. त्यांनी मान वर न करताच विचारले, "आज तिथ कितवी?"

आमच्या घरी तिथी लागते ती उपासाला. मी म्हटले, "पंचमी."

"पाचाची पाऊणपट पावणेचार. हयसर वायच आधी धरा. भरती सरली." मग भाच्याकडे पाहून म्हणाले, "उतरूचा आसात तर आधी पाणी नसताना चलान येवा."

माझ्या आजोबांना पाऊणकी तोंडपाठ होती. ती समुद्राचे घड्याळ आहे हे मला तिथे कळले. तिथीला पाऊणने गुणायचे, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरतीला आपल्याबरोबर उशीर करायला लावतो. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी पूर्ण होते. जागा बदलली की हिशेब थोडा मागेपुढे होतो. मोबाइलवरचे भरतीचे कोष्टक भाच्याने काढून पाहिले, तर बाबांच्या आकड्यात आणि त्यात फारसा फरक नव्हता. पण मोबाइलने वेळ सांगितली; पाणी कुठून कुठे धावते ते सांगितले नाही.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पायांनी पाहिले. कालच्या तळ्याच्या जागी वाळूचे दांडे उघडे पडले होते. त्यांच्यामधून एक अरुंद, खोल धार अशा वेगाने समुद्राकडे निघाली होती की वाहती काठी आमच्या चालीला मागे टाकून गेली. खडकांवर कालवे चिकटलेली, कडा पात्यासारख्या. कालच्या शांत पाण्याखाली हे सारे होतेच.

भाच्याने वही काढली आणि मला समजावून सांगितले. दुपारी खारे वारे सुटतात, आणि इथे ते बहुधा वायव्येकडून येतात. पतंग पाण्यात बसला तर वारा माणसाला संगमाच्या दिशेने नेणार. त्या वेळी भरती असेल तर पाणी त्याला खाडीत आत घेईल. ओहोटी असेल तर बाहेर समुद्रात. माणूस तोच, वारा तोच, फरक तिथीचा. म्हणून टोकापासून उत्तरेला, तारकर्लीच्या बाजूने उतरायचे, दुपारी एकला, आणि तीनच्या आत बाहेर यायचे.

त्या दिवशी पतंग उंच चढला, भाचा पाण्यावरून सरसर गेला, आणि मी वाळूवर बसून श्वास मोजले. अडीचच्या सुमारास वारा अचानक पडला आणि पतंगही. फळी आणि माणूस दोघेही संगमाकडे वाहू लागले. मी किनाऱ्याने धावत सुटलो. पण पाणी आत चालले होते. त्याने त्याला उचलून खाडीच्या तोंडातल्या एका दांड्यावर आणले, आणि भाचा मांडीभर पाण्यात उभा राहून हात हलवू लागला. आदल्या दिवशी साडेचारला हेच घडले असते तर? बहिणीला मी फक्त एवढेच कळवले, "पोरगा हुशार आहे."

हा अंक वाचून कोकणात निघणाऱ्या कुटुंबांना एवढेच सांगावेसे वाटते. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, म्हणजे दिवाळीची सुटी नेमकी उधाणाची. अष्टमीच्या भांगाला पाणी मंद असते. अमावास्या-पौर्णिमेनंतर ते जोरात चढते आणि तितक्याच जोरात ओसरते. भाऊबीज द्वितीयेची, दोनाची पाऊणपट दीड. तेव्हा बहिणीने ओवाळून झाल्यावर पोरे किनाऱ्याकडे धावतील, त्या सुमारास पाणी परत फिरायला लागलेले असेल. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी छापलेलीच असते. फराळाच्या डब्याबरोबर तिचीही आठवण ठेवावी, आणि किनाऱ्यावर जो कोणी जाळे शिवत बसला असेल त्याला, पाण्यात पाय घालण्याआधी, दोन शब्द विचारावेत.