धूळघाटाचे वळण

सुट्टीचा हंगाम आला की माझ्या हिंगोलीच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : 'डॉक्टर, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढ्या लांब न्यावे का?' उत्तर देण्यापूर्वी मी क्षणभर थांबतो. मला धूळघाट आठवतो.

2003 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ओंकारेश्वरला घेऊन निघालो. औंढ्याचा नागनाथ आमच्या जिल्ह्यातला, तेव्हा एका ज्योतिर्लिंगाकडून दुसऱ्याकडे जावे ही त्यांची जुनी इच्छा. मेळघाटच्या जंगलातून जाणारी छोटी गाडी नातवंडांसह खिडकीशी बसून अनुभवावी, ही दुसरी इच्छा ते सहसा बोलून दाखवीत नसत. त्या काळी हिंगोली, अकोला, अकोट, खांडवा असा सलग मीटरगेज मार्ग होता.

अण्णांना मधुमेह होता. 'गोळी कधी चुकवायची नाही,' असे मीच त्यांना बजावले होते, आणि ते निवृत्त शिक्षक असल्याने आज्ञा अक्षरशः पाळीत. घड्याळ पाहून त्यांनी ग्लिबेनक्लामाइडची गोळी घेतली. जेवण मात्र टाळले. पाणीही घोटभरच. हलत्या गाडीत संडासापर्यंत जावे लागू नये, हे त्यामागचे कारण मला फार उशिरा कळले. वृद्ध माणसे ही अडचण कोणाला सांगत नाहीत. आपणच विचारायला हवे.

अकोट मागे पडले, सागाचे रान दाट झाले. एकाएकी अण्णा नातीवर ओरडले. मग मला त्यांनी माझ्या दिवंगत काकांच्या नावाने हाक मारली. प्रवासाचा शीण असेल, असे मी मानले. मी डॉक्टर, आणि त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या आधी पत्नीला दिसला! रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र घरी राहिले होते. मी वाट पाहिली नाही. ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.) पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढीच, आणि जरा सावरल्यावर दशमी.

याच सुमारास गाडी धूळघाटाच्या प्रसिद्ध वळणावर आली. तेथे रुळ डोंगराला वळसा घालून स्वतःलाच ओलांडतात. 'आपण आलो ते रुळ बघा!' मुले ओरडली. अण्णांनी डोळे किलकिले करून विचारले, 'आपण परत चाललो का रे?' तो भ्रम होता की थट्टा, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

या गोळीचा परिणाम बराच वेळ रेंगाळतो; साखर दिल्यावरही ती पुन्हा उतरू शकते. म्हणून ओंकारेश्वरला ती रात्र मी त्यांच्या उशाशी बसून काढली. प्रवासात गोळीची वेळ ताटाशी बांधावी, घड्याळाशी नव्हे; आणि निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी याबद्दल बोलून घ्यावे. स्वतःच्या मनाने औषध बंद करणे, हा त्यावरचा उपाय नव्हे.

पण माझी खरी चूक यानंतरची. परतल्यावर मी त्यांचा लांबचा प्रवासच बंद केला. नियम पाळणाऱ्या माणसाने तोही मुकाट्याने पाळला. दर दिवाळीला 'पुन्हा एकदा ती गाडी' असे ते एकदाच म्हणत, आणि मी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत असे. 2008 मध्ये आमचा पूर्णा-अकोला मार्ग रुंद झाला. 2011 साली अण्णा गेले. 2017 मध्ये अकोला-खांडवा मीटरगेजही थांबली, आणि मेळघाटातल्या त्या रुळांवरचा प्रवास संपला.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. आजोबांचा घाम, माझी धावपळ, तिला काहीच आठवत नाही. खिडकीचा गज धरून अण्णा खूप वेळ बाहेर पाहत होते आणि त्यांच्या हातातल्या दशमीचे कण वाऱ्याने तिच्या फ्रॉकवर उडत होते, एवढेच ती सांगते.