अर्ध्या वॅटचा आवाज

समुद्रकाठच्या गावाला संपूर्ण शांतता कधीच लाभत नाही. रेवदंड्यापासून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्यावर कोठेही उभे राहा. लाटांची गाज, सुरूच्या बनातील वारा आणि नारळीच्या झावळ्यांची सळसळ रात्रंदिवस कानांवर येतच असते. म्हणूनच की काय, आमच्याकडील माणसे बोलतात तीही जरा चढ्या आवाजात आणि गातात तीही मोकळ्या गळ्याने. गळ्याला हे साधते. परंतु नाजूक तारांच्या वाद्याने काय करावे?

आमच्या कोळीवाड्यांत ज्या वाद्याला 'बँजो' म्हणतात, त्याची हीच अडचण आहे. त्याचे दुसरे नाव बुलबुलतरंग. एक लांबट लाकडी पेटी, तीवर ताणलेल्या पोलादी तारा आणि टंकलेखन यंत्रावर असतात तशा कळा, असे त्याचे रूप. जपानमधील नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य तयार केले. आपला बँजो हे त्याचेच भारतीय भावंड. डाव्या हाताने कळा दाबायच्या आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. हळदीच्या रात्री, गणपतीपुढे, नारळी पौर्णिमेला हा बँजो गाऊ लागला की पाय आपोआप ठेका धरतात. परंतु शेजारी ढोल घुमू लागला की बिचाऱ्याचा आवाज कोठल्या कोठे बुडून जातो.

हे दुःख एकट्या बँजोचे नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदांत गिटारचीही हीच गत होत असे. तेव्हा १९३० च्या सुमारास अमेरिकेतील कारागिरांनी तिच्या पोलादी तारांजवळ लोहचुंबक बसवून त्यावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिले. तार थरथरली की चुंबकाच्या क्षेत्रात खळबळ होते आणि वेढ्यांत इवलासा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधून काढलेलाच हा नियम. या साधनाला पिकअप म्हणतात. पुढे आपल्याकडील बँजोलाही असाच पिकअप लागला.

मी मराठीचा शिक्षक. तथापि जुने रेडिओ उघडून दुरुस्त करण्याचा छंद मला तरुणपणापासून होता. शाळेत ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, आषाढाच्या अखेरीस, आठवीतला एक मुलगा शाळा सुटल्यावर माझ्यापाशी येऊन उभा राहिला. त्याचा आजा गावातला नावाजलेला बँजोवादक. त्या वर्षी मंडळाने ठरविले होते की, नारळी पौर्णिमेला शहरातून मोठमोठे स्पीकर भाड्याने आणावयाचे आणि ध्वनिमुद्रित गाणी वाजवावयाची. बँजोची आता गरज उरली नव्हती.

"सर, आजानं बँजो पोत्यात बांधून ठेवलाय," मुलगा म्हणाला. "दोन दिवस तो कुणाशी नीट बोलत नाही. आपल्याला एखादं यंत्र घरी बनवता येईल का?"

प्रश्न केवळ यंत्राचा नव्हता. चाळीस वर्षे ज्या हातांनी गावाला नाचविले, त्या हातांना आता घरी बसा असे सांगितले गेले होते. मी होकार दिला.

पुढच्या रविवारी रेवसच्या लाँचने मी भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो. रेडिओच्या सुट्या भागांसाठी ही बाजारपेठ सर्वांच्या ओळखीची आहे. तेथून एक पिकअप, काही रोधक, काही धारित्रे, आवाज कमी-अधिक करण्याची कळ आणि आठ पायांचे एक काळे चिमुकले आयसी घेऊन आलो. त्याचे नाव एलएम ३८६. नखाएवढ्या त्या तुकड्यात अनेक ट्रान्झिस्टर सामावलेले असतात. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ते चालते. आलेल्या संकेताचा जोर ते मुळात वीसपट करते. त्याच्या पहिल्या व आठव्या पायांमध्ये दहा मायक्रोफॅरडचे धारित्र जोडले की तोच दोनशेपट होतो.

"एवढंसं हे आवाज मोठा कसा करतं?" मुलाने विचारले.

मी त्याला खाडीकाठची उघाडी आठवून पाहण्यास सांगितले. खारबांधातल्या या उघाडीचे दार एक माणूस सहज वर-खाली करतो. पण त्यातून वाहणारे पाणी शेकडो माणसांना ढकलता येणार नाही इतके असते. पाण्याची शक्ती त्या माणसाची नव्हे. तो केवळ किती वाहावयाचे ते ठरवितो. अॅम्प्लिफायरमध्येही शक्ती असते ती बॅटरीची. बँजोच्या तारेतून आलेला दुर्बळ संकेत फक्त दार हालवितो. तो जसा थरथरेल, तसाच बॅटरीचा मोठा प्रवाहही थरथरत बाहेर पडतो.

चार संध्याकाळी बसून आम्ही कथलाचे डाख देत जोडणी पुरी केली. पण खरी कसोटी पुढेच होती. अॅम्प्लिफायर कितीही चांगला असला तरी अखेर बोलतो तो स्पीकर. कागदी शंकूच्या तळाशी तारेचे वेटोळे आणि त्याभोवती चुंबक, ही आजच्या स्पीकरची घडण राईस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली जगापुढे मांडली. प्रवाह वेटोळ्याला पुढे-मागे हालवितो, वेटोळे कागदाला हालविते आणि कागद हवेला.

गावातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून आम्ही तीन स्पीकर मागून आणले. एक होता खिशातल्या ट्रान्झिस्टरचा, तीन इंची. दुसरा नवा कोरा, चकचकीत, पाच इंची. त्यावर मोठ्या अक्षरांत 'पन्नास वॅट' असे छापलेले. तिसरा भंगारात निघालेल्या एका पेटीतला, आठ इंची; त्याचा कागद काठाशी फाटलेला. तिघांचाही रोध आठ ओहमचा आहे, हे आधी पाहून घेतले. कारण रोध फार कमी असला तर आयसी तापून निकामी होते.

मुलाचा जीव अर्थातच पन्नास वॅटवर जडला. मी त्याला समजावले, "अरे, हा आकडा स्पीकर किती वीज सोसू शकेल ते सांगतो, तो किती गाईल ते नाही. आपल्या आयसीची शक्ती सुमारे अर्धा वॅट. तेवढ्यात मोठा बोलतो तोच आपला." स्पीकरचा हा गुण डेसिबलमध्ये मोजतात. एकाच विजेवर एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा दहा डेसिबलने अधिक बोलत असेल, तर दुसऱ्याला त्याची बरोबरी करावयास दहापट वीज लागते. हलक्या कागदाचा, मोठ्या शंकूचा स्पीकर अर्ध्या वॅटमध्ये जे करतो, ते जड शंकूचा लहान स्पीकर कित्येकदा पाच वॅटमध्येही करू शकत नाही.

परीक्षा घ्यावयास आम्ही आजोबांकडेच गेलो. "नाखवा, एकदा वाजवून तर पाहा," असे मी म्हटल्यावर त्यांनी काही न बोलता पोत्याची गाठ सोडली. तीन इंची स्पीकर चिमणीसारखा चिवचिवला. पन्नास वॅटवाला घोंगडीखाली तोंड घालून बोलल्यासारखा वाटला. फाटक्या स्पीकरला आम्ही पातळ कागदाचे ठिगळ खळीने लावले होते. तो लाकडी पेटीच्या भोकावर पक्का बसविला. उघड्या स्पीकरच्या पुढची आणि मागची हवेची लाट एकमेकींना मारून टाकतात व खालचे स्वर हरवतात; फळी मध्ये आली की ते परत येतात. नाखवांनी डोळे मिटून तार छेडली. क्षणभर थांबून ते म्हणाले, "गुरुजी, ते दोन्ही कुणाचे आहेत ठाऊक नाही. हा माझा बँजो."

आता जे घडले ते जसेच्या तसे सांगतो. नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत भाड्याचे स्पीकरच वाजले. अर्ध्या वॅटने ढोलांशी झुंज घ्यावी ही अपेक्षाच व्यर्थ होती. परंतु सोन्याचा नारळ सागराला अर्पण झाला, भाड्याची गाडी परत गेली आणि रात्री बाया देवळापुढच्या अंगणात गाण्यासाठी जमल्या. तेथे पन्नास-साठ माणसांच्या घोळक्यात ती लाकडी पेटी ठेवली होती. बँजो शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू येत होता, आणि तरीही शेजारच्या म्हातारीचा कापरा सूर त्याखाली दबला नव्हता. दिवसभराच्या त्या गडगडाटात कोणालाच गाता आले नव्हते. येथे सगळे गात होते. त्यानंतर हयात असेपर्यंत नाखवांनी बँजो पुन्हा पोत्यात बांधला नाही.

समुद्राची खारी हवा मात्र अशा यंत्रांची वैरीण आहे. तारा गंजतात, तांब्यावर हिरवी पुटे चढतात, पावसाळ्यात कागदी शंकू ओलावून मऊ पडतो. म्हणून तो मुलगा दर पावसाळ्यात पेटी चुलीवरच्या माळ्यावर कोरड्या जागी ठेवी आणि वाजवून झाल्यावर तारा तेलाच्या बोटाने पुसून काढी. वस्तू आपल्या हातची असली की तिची निगा कोणी सांगावी लागत नाही.

मुलांनो, तुम्हांपैकी कोणाला असा अॅम्प्लिफायर करावासा वाटला तर अवश्य करा. पण बॅटरीवरच करा, आणि तापलेल्या सोल्डरिंगच्या सळईपाशी जाणते माणूस बसवून घ्या. घरातल्या विजेशी खेळू नका. आपल्या देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत घातली आहे. पण नियम नसते तरी एक विचार मनात ठेवण्याजोगा आहे. यंत्राने आवाज वाढविता येतो. तो किती वाढवावा, हे यंत्राला कळत नाही. ते शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहून आपणच ठरवावयाचे असते. आपला स्वर सर्वांना ऐकू यावा आणि दुसऱ्याचाही स्वर आपल्याला ऐकू यावा, एवढी शक्ती पुरेशी आहे.