आपल्या मापाचं

मराठीत 'विणणे' हे एकच क्रियापद आहे. मागावर साडी विणतात, सुयांवर स्वेटर विणतात, खाटेची नवार विणतात आणि सुगरण खोपाही विणते. त्यामुळे आमच्या घरी एक गंमत होते. कुणी विचारलं, "तुमच्याकडे विणकाम कोण करतं?" की दोन उत्तरं येतात. आजी म्हणते, "आता कोनीच नाही करत." मी म्हणते, "मी करते." आणि दोघी खरंच बोलत असतो.

आजीचं 'विनकाम' (झाडीबोलीत 'ण' नाही, त्यामुळे तिच्या तोंडी हा शब्द असाच येतो) म्हणजे कोसा. मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव हे आमचं मूळ गाव. आपल्याकडच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढवतात. हे काम पिढ्यानपिढ्या ढिवर समाजाचे लोक करत आले. त्या अळ्यांचे कोष आमच्या कोष्टी घरांत यायचे. ते उकळायचे, सूत काढायचं आणि मागावर चढवायचं. त्यातून करवती साडी व्हायची, जिच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. आज करवत काठी साडीला भौगोलिक मानांकन आहे, प्रदर्शनात तिचे फोटो काढले जातात. आजोबांच्या घरात मात्र तिला नुसतं 'काम' म्हणायचे.

माझं विणकाम म्हणजे पाच सुया, लोकरीचा गुंडा आणि मोबाइलवर थांबवून ठेवलेला यूट्यूबचा व्हिडिओ. मी २६ वर्षांची आहे, भंडारा शहरात राहते, स्पर्धा परीक्षा देते. सकाळी अभ्यासिका, दुपारी घर, संध्याकाळी पुन्हा अभ्यासिका. त्या मधल्या चार ते सहाच्या वेळात आमच्या गच्चीवर आम्ही चौघीजणी विणत बसतो. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जाणाऱ्या गावात लोकर घेऊन बसणं हा विनोदच आहे, हे आम्हालाही कळतं. पण डिसेंबर-जानेवारीत धानाच्या बांध्यांवरून येणारा गारवा ज्यांनी अंगावर घेतलाय, त्यांना विदर्भात थंडी असते हे वेगळं सांगायला नको.

सध्या कोणाच्या सुयांवर काय आहे, ते सांगते.

मावशीकडे कुंची आहे. तिच्या मुलीला फेब्रुवारीत बाळ होणार आहे, त्यासाठी टोपडं, कुंची, मोजे असा संच चाललाय. मावशी विणायला शाळेत शिकली, कार्यानुभवाच्या तासाला. ती कागदावर काहीच लिहीत नाही. "दहा नंबरच्या सुया, ऐंशी टाके, चार बोटं सुलट-उलट, मग नुसतं सुलट," असं ती एका दमात सांगते. अजून जन्माला न आलेल्या डोक्याचं माप तिला कसं माहीत, असं विचारलं तर म्हणाली, "बाळाचं डोकं आपल्या मुठीपेक्षा थोडंसं मोठं धरायचं. लोकर ताणते, बाकीचं ती सांभाळते."

तिचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध आहे. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन प्रकारचे धागे एकमेकांना घट्ट धरून बसतात. सुयांवरच्या विणीत एकच धागा असतो आणि तो स्वतःच्याच फासांतून पुढे जातो. प्रत्येक फास थोडा सैल असतो, म्हणून हे कापड ताणलं जातं, अंगाचा आकार घेतं आणि पुन्हा आपल्या जागी येतं. टोक ओढलं की सगळं उसवतंही. साडी उसवून पुन्हा सूत होत नाही, स्वेटर मात्र होतो.

समोरच्या काकूंचं अख्खं काम त्या उसवण्यावरच उभं आहे. काका जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झाले. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूत. काकूंनी कपाटातून दोघांचे लहानपणचे स्वेटर काढले आणि एकेक करून उसवले. उसवलेली लोकर मॅगीसारखी कुरळी होते. तिची लडी करायची, कोमट पाण्यात धुवायची, खाली थोडं वजन बांधून दोरीवर टांगायची, म्हणजे ती सरळ होते. त्या लोकरीतून काकू क्रोशाने चौकोनी तुकडे विणतात. मधे लहान गोल, भोवती खांबांच्या रांगा, चार कोपऱ्यांत साखळ्या. (क्रोशात एका टाक्याला 'खांब' म्हणतात. आमच्या गावात खांब तलाव आहे, त्यामुळे "आज किती खांब झाले?" यावर काकांचे ठरलेले विनोद आहेत.) असे १२० तुकडे जोडले की पांघरूण तयार होईल. इंटरनेटवर याला 'अफगाण' म्हणतात. काकू गोधडीच म्हणतात आणि ते जास्त बरोबर आहे. घरातल्यांच्या अंगावरचं जुनं एकत्र करून नवं पांघरूण करायचं, ही कल्पना आपल्याला कोणी परदेशातून पाठवलेली नाही.

एकदा मी त्यांना मोबाइलवर चेन्नईचे फोटो दाखवले. सुबश्री नटराजन यांनी सुरू केलेल्या 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ३१ जानेवारी २०१६ रोजी ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट मांडून गिनेस विक्रम केला होता. ठिकठिकाणच्या बायकांनी घरी बसून विणलेले तुकडे जोडून ते झालं होतं. काकू बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "यातला प्रत्येक तुकडा कोणीतरी चार वाजता चहा ठेवून विणला असेल."

तिसरी आमच्यातली सगळ्यात लहान, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती क्रोशाची सूर्यफुलं आणि मोबाइलच्या पिशव्या करते, त्यांचे रील टाकते आणि मैत्रिणींना विकते. तिचा हिशेब चोख असतो. एका फुलाला किती ग्रॅम लोकर आणि किती मिनिटं, हे ती वहीत लिहिते.

आणि माझ्याकडे मोजे आहेत.

मोज्यांबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण ते दिसतात तितके साधे नसतात. दोन्ही टोकं टोकदार असलेल्या चार सुयांवर टाके वाटून घ्यायचे आणि पाचव्या सुईने गोल गोल विणत जायचं. घोट्यापर्यंत हे नळकांडं सरळ येतं. मग टाच येते. तिथे अर्धे टाके बाजूला थांबवून ठेवायचे आणि उरलेल्या अर्ध्यांवर पुढे-मागे विणत एक छोटी पट्टी करायची. मग पट्टीच्या मधल्या टाक्यांवर, शेवटापर्यंत न जाता, अर्ध्यातूनच वळत राहायचं. हळूहळू त्या सपाट पट्टीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. मग पट्टीच्या दोन्ही कडांचे टाके उचलायचे, थांबवून ठेवलेले परत घ्यायचे आणि गोल विणत अंगठ्यापर्यंत जायचं. कात्री नाही, शिवण नाही, एकच धागा कोपऱ्यावरून वळतो. इजिप्तमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वीचे विणलेले सुती मोजे सापडलेत, त्यांतल्या काहींवर निळी-पांढरी नक्षी आहे. माणसाने विणलेल्या सर्वात जुन्या ज्या वस्तू आज उरल्या आहेत, त्यांत हे मोजे आहेत.

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी माझ्या मोज्यांचा फोटो टाकला आणि पुण्यातल्या एका अनोळखी मुलीचा मेसेज आला. तिला भेट म्हणून द्यायला २० जोड हवे होते. जोडीला २०० रुपये द्यायची तयारी होती. घरात सगळ्यांना आनंद झाला. बाबा म्हणाले, "बघ, बसल्या बसल्या चार हजार."

मी सूर्यफूलवालीची वही मागून घेतली आणि हिशेब मांडला. एका जोडीला लोकर १२० रुपयांची. वेळ २४ तास, म्हणजे आठ तासांचे तीन दिवस. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. खड्डे खणण्याच्या दराने माझ्या मोज्यांची मजुरीच ९३६ रुपये होते आणि लोकर धरून जोडी १,०५६ला पडते. २०० रुपयांत विकली तर हातात ८० रुपये राहतात. तासाला तीन रुपये तेहतीस पैसे.

दुसरीकडे, हिवाळ्यात नागपूरला तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. आपल्या जुन्या भंडारा जिल्ह्यातही त्यांची एक वसाहत आहे, गोठणगावजवळची नॉर्ग्येलिंग, १९७२ साली वसलेली. १ मे १९९९ला जिल्हा वेगळा झाला आणि ती गोंदियात गेली. त्या दुकानांत काही शे रुपयांत अख्खा स्वेटर मिळतो. मशीनशी मी भावात भांडूच शकत नाही.

हा हिशेब मी मोठ्याने वाचत होते. आजी खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "तीन रुपये तास? काऊन व, अजूनबी तेवढेच?"

मग तिने जे सांगितलं, ते मी आधीही तुकड्यातुकड्यांत ऐकलं होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती कोशाचं सूत काढायची. उकळलेल्या कोषांतून एका हाताने तार ओढायची आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने ती उघड्या मांडीवर घासून पीळ द्यायचा. दिवसभर तेच. तिच्या उजव्या मांडीची कातडी आजही राठ आहे. मांडीवर सूत काढण्याची ही पद्धत बंद व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचं यंत्र आणलं, पण आजीच्या वाट्याला ते आलं नाही. आजोबा माग चालवायचे. साडी झाली की घडी घालून शेठकडे जायची. कुठे गाठ दिसली, काठ हलला, की मजुरी कापली जायची. एकदा तयार साडी आजीने आरशासमोर नुसती खांद्यावर टाकून पाहिली, तर सासू ओरडली, "डाग लागंल!"

"माह्यं लगन मिलच्या सुती लुगड्यावर झालं," आजी म्हणाली. "आमी जे विनलं, ते आमच्या आंगावर कदी आलंच नाही."

मी बराच वेळ वहीकडे बघत बसले. आमच्या गच्चीवरच्या विणकामाला सगळे 'छंद' म्हणतात, आणि म्हणताना आवाजात थोडी सूट दिलेली असते. रिकामपणाचा उद्योग, असं. पण गच्चीवर चाललेल्या बहुतेक वस्तू कोणाच्या तरी नावाने चालल्यात. कुंची एका बाळाची आहे. गोधडीत हिरवा चौकोन म्हणजे मुलाचा शाळेचा स्वेटर आणि गुलाबी म्हणजे मुलीचा. ज्याच्यासाठी विणतोय तो माणूस आम्हाला माहीत आहे. चार पिढ्या विणणाऱ्या माझ्या घराला ही चैन पहिल्यांदा मिळतेय.

ती फुकट मिळालेली नाही, हेही खरं. बाबांचा पगार आहे, म्हणून मला तासाचा भाव न बघता विणता येतं. आणि गच्चीवरचे दोन तासही कुठून तरी काढून आणलेले असतात. २०२४च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या बायका घरच्या बिनपगारी कामात दिवसाला सुमारे ३०५ मिनिटं घालवतात, असं दिसलं. काकूंच्या दिवसातून ही पाच तास पाच मिनिटं वजा केल्यावर जे उरतं, त्यातून त्यांचा एक चौकोन होतो. तो त्यांचा छंद आहे की दिवसातला एकुलता एक स्वतःचा वेळ, हे बाहेरून बघणाऱ्याने ठरवू नये.

पुण्याच्या मुलीला मी जोडीचा भाव १,०५० कळवला आणि हिशेबही पाठवला. तिचं उत्तर आलं नाही. सूर्यफूलवाली मात्र तेव्हापासून स्वतःचे दर वाढवून बसली आहे, आणि तिची फुलं तरीही विकली जातात.

मग मी आजीच्या पायाचं माप घ्यायला बसले. ती पाय लुगड्याखाली ओढून घेत होती. "कायले? माह्ये पाय फुटलेले हायेत." मोजपट्टी लावली तेव्हा कळलं की तिचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा बोट लांब आहे. हे तिलाही माहीत नव्हतं. आयुष्यभर चपला दुसऱ्याच कुणीतरी बाजारातून अंदाजाने आणल्या आणि तिने त्या वापरल्या. माझ्या पायाला ४८ टाके पुरतात, तिच्या घोट्याला ५२ लागले. टाचेला मी दुहेरी धागा घेतला.

पहिला मोजा गेल्या आठवड्यात झाला. डावा. तो हातात दिल्यावर आजीने आधी घातला नाही. उलटा केला. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि आतल्या बाजूने एकेक ओळ तपासत गेली, अंगठ्याने, शेठ तपासायचा तशी. टाचेशी थांबली. दोन बोटं आत घालून ती वाटी ताणून पाहिली, सोडून पाहिली. मला उगाच परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखं झालं.

"कापाले काही नाही याच्यात," ती म्हणाली.

मग मोजा सुलटा केला, पायात चढवला आणि पाय जमिनीवर न टेकवता तसाच खाटेवर समोर धरून बसली.

"दुसरा कदी होते?"