वापसा आपली वाट पाहत नाही

"आता कुठे राहिलीय जात?" हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. आमचे उत्तर साधे आहे. मृगाचा पहिला पाऊस झाला की कोपरगाव तालुक्यात आमच्या शिवारात या आणि भाड्याचा ट्रॅक्टर कोणत्या क्रमाने कुणाच्या रानात शिरतो, तेवढे बघा.

आमची जमीन गोदावरीकाठची, काळी. पाऊस पडल्या पडल्या यंत्र घातले तर चिखल होतो, उशीर केला तर रान आवळून येते. मधले दोन-तीन दिवस वापशाचे. ट्रॅक्टरवाला आधी स्वतःचे रान करणार, मग भावकीचे, मग बागायतदारांचे. आमचा नंबर शेवटी. पैसे मात्र आम्ही आगाऊ दिलेले. "तुमच्या तुकड्यात ट्रॅक्टर वळत नाही," हे त्याचे कारण. ते अगदी खोटेही नव्हते. पंधरा-वीस गुंठ्यांच्या पट्टीत मोठा ट्रॅक्टर खरंच नीट वळत नाही. पण त्या कारणाआड आमची पेरणी दरवर्षी मागे पडत होती, हेही तितकेच खरे.

हे तुकडे आले कुठून? आमची जमीन महार वतनाची. गावकीची राबणूक करायची आणि त्या बदल्यात ही जमीन कसायची. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले. वतन कायद्याने गेले ते 1958 च्या कायद्यानंतर. जमीन नावावर राहिली, पण वर्ग-2 म्हणून, आणि पिढ्यानपिढ्या वाटण्या होत गेल्या. आमच्या वाट्याची काही रानं तर वेड्या बाभळीने आणि कुंद्याने गिळली होती.

"एवढ्याशा जमिनीत काय होणार, विकून टाका," असे सांगणारे आपल्यातही खूप आहेत. त्यांनी बाबासाहेबांचा 1918 चा लहान शेतजमिनींवरचा निबंध वाचावा. जमीन किती एकर आहे एवढ्यावरून ती किफायतशीर की तोट्याची हे ठरत नाही. तिच्यावर राबवायला अवजारे आणि भांडवल किती आहे, त्यावर ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. आम्ही तो आमच्या बांधावर तपासून पाहिला.

समाजकल्याण विभागाची मिनी ट्रॅक्टरची योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांसाठी आहे. आम्ही अर्ज केला तेव्हा ट्रॅक्टर आणि उपसाधने मिळून मर्यादा साडेतीन लाखांची होती. 90 टक्के अनुदान आणि 10 टक्के, म्हणजे 35 हजार, गटाचा हिस्सा. अध्यक्ष, सचिव आणि किमान 80 टक्के सदस्य आपल्याच समाजाचे असावे लागतात. हिस्सा आम्ही ऊसतोडीच्या आणि कांदा काढणीच्या मजुरीतून जमवला.

ट्रॅक्टर दारात आला आणि पहिली चूक आमचीच झाली. उत्साहात एका कोपऱ्यातल्या हराळीवर सरळ रोटा फिरवला. रान दोन दिवस लोण्यासारखे दिसले. पाऊस पडला आणि हराळीच्या प्रत्येक तुकड्याला कोंब फुटला. आधी होती त्याच्या दुप्पट पसरली.

मग शहाणे झालो. बाभळी कुऱ्हाडीने तोडल्या. बुंधे काढायला तासावर जेसीबी लावला, कारण बुंध्याला साखळी बांधून ओढायला गेले की छोट्या ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात आणि माणूस जिवाला मुकतो. एप्रिलमध्ये मोठ्या ट्रॅक्टरने खोल नांगरट केली. ढेकळे उन्हात तापू दिली. कुंद्याच्या काशा आणि हराळी वस्तीतल्या बायांनी वेचली आणि वाळवून जाळली. त्यानंतर आमच्या ट्रॅक्टरने फणपाळी घातली, आणि रोटा सगळ्यात शेवटी. त्या वर्षी वापसा आला त्याच दिवशी आमची सोयाबीन पेरणी सुरू झाली. कुणाच्या दारात जावे लागले नाही.

आता कटू बोलतो. कागदावर गट आपला आणि ट्रॅक्टर गावच्या पुढाऱ्याच्या शेडमध्ये, हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. सही करायचे पैसे घेणारा आपलाच माणूस असतो. म्हणून आम्ही नियम केले. तासांची नोंदवही ठेवायची. डिझेल आणि चालकाची मजुरी वापरणाऱ्याने द्यायची, सदस्यानेसुद्धा. भाड्यातला ठरलेला वाटा दुरुस्तीसाठी बाजूला काढायचा. नंबर चिठ्ठीने, आणि विधवा बहिणींचे रान आधी. वही महिन्यातून एकदा विहारात सगळ्यांसमोर वाचली जाते. अध्यक्षाच्या घरचे तासही त्यात येतात.

तरीही प्रश्न संपत नाही. आमच्या गटात तिघांना गुंठाभरही जमीन नाही. त्यांचा ट्रॅक्टर दुसऱ्यांचीच रानं नांगरतो. 1959 साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तेव्हा नगर जिल्ह्यातले आपले लोकही तुरुंगात गेले. त्यांच्याच नावाच्या सबळीकरण योजनेत आज भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत मिळू शकते. पण जमीन विकायला कुणी पुढे आला तर ना! बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये जमीन राज्याच्या मालकीची, शेती सामुदायिक आणि अवजारे सरकारची, असा आराखडा मांडला होता. आपण त्यातले अवजार तेवढे घेतले आणि जमिनीची मागणी विसरलो.

मित्रांनो, ट्रॅक्टर जरूर घ्या, त्याची वही स्वच्छ ठेवा. पण त्याच वहीच्या शेवटच्या पानावर गटातल्या भूमिहीनांची नावे लिहा आणि दर महिन्याला तीही मोठ्याने वाचा.

जय भीम!